पुरस्कार पुष्कळ, पारख थोडी : खानदेशातील समाजकार्य आणि सन्मानाचा प्रश्न

जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यात बहादरपूर नावाचे गाव आहे. या गावच्या नीलिमा मिश्रा यांना २०११ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या पाबळच्या विज्ञान आश्रमात काही वर्षे काम करून त्या गावी परतल्या. तिथे त्यांनी भगिनी निवेदिता ग्रामीण विज्ञान निकेतन ही संस्था उभी केली. गावातल्या बायका शिवत असलेल्या गोधड्यांना बाजार मिळवून देण्यापासून बचतगटांचे जाळे विणण्यापर्यंत हे काम गेले. मॅगसेसे मिळाला तेव्हा चार जिल्ह्यांतील सुमारे २०० गावांत १,८०० बचतगट उभे राहिले होते. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्यावर चैत्राम पवार यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन उजाड डोंगरावर पुन्हा जंगल उभे केले. गावाने स्वतःच चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचे नियम केले, मोडणाऱ्याला दंड लावला आणि सुमारे अकराशे एकर वन राखले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याआधी, नंदुरबार हा वेगळा जिल्हा होण्यापूर्वी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर मेधा पाटकर १९८५ पासून काम करू लागल्या. त्यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतले होते. नर्मदा बचाओ आंदोलनाला आणि बाबा आमटे यांच्यासह त्यांना १९९१ चा राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला.

तिन्ही कामे तापी-नर्मदेच्या खोऱ्यातली, पण त्यांची थोरवी ठरली मनिलात, दिल्लीत आणि स्टॉकहोममध्ये. जळगाव-धुळ्यात समाजकार्य शिकवणारे, त्यावर प्रबंध लिहिणारे आणि रोज ते करणारे लोक आहेत. त्यांनी एकत्र बसून हे काम मोठे का आहे, त्यातले काय टिकेल आणि इतरांना त्यातून काय घेता येईल याचा निवाडा केला, असे घडले नाही. समाजकार्याचे अभ्यासक आणि कार्यकर्ते यांनी एकमेकांच्या कामाची पारख करावी आणि त्या पारखीतून सन्मान द्यावा, अशी व्यवस्था आपल्याकडे का उभी राहिली नाही? ती असावी का? असली तर कशी असावी? या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सरकारी मान आणि त्याची वाट

आपल्याकडे समाजकार्याला सन्मान नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. १९५४ पासून दिल्या जाणाऱ्या पद्म पुरस्कारांत समाजकार्य हे स्वतंत्र क्षेत्र आहे. राज्यात सामाजिक न्याय विभागाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार आहे. साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या आणि संत रविदास यांच्या नावाचे पुरस्कार आहेत, संस्थांसाठी शाहू, फुले, आंबेडकर पारितोषिक आहे. महिला व बालविकास विभाग पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार देतो. आदिवासी विकास विभागाचा आदिवासी सेवक पुरस्कार खानदेशातल्या कार्यकर्त्यांना विशेष जवळचा आहे.

या पुरस्कारांचे मोल कमी लेखण्यासारखे नाही. वस्तीत किंवा पाड्यावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाला शासनाने जाहीरपणे मान द्यावा, यात लोकशाहीचे एक कर्तव्य पार पडते. समाजभूषण पुरस्कार मिळालेल्या कार्यकर्त्याचे ऐकून घेणे तहसील कचेरीत जरा सोपे होते, हे खेड्यात काम केलेला कोणीही सांगेल.

अडचण आहे ती निवडीच्या वाटेत. बहुतेक सरकारी पुरस्कारांसाठी प्रस्ताव मागवले जातात. पद्म पुरस्कारासाठी तर स्वतःचे नावही स्वतः सुचवता येते. राज्याच्या पुरस्कारांसाठी कार्यकर्त्याने आपल्या कामाचा तपशील, प्रमाणपत्रे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे जोडून फाइल तयार करायची आणि ती जिल्ह्याच्या कार्यालयातून वर जायची. ज्याला फाइल नीट लावता येते त्याचे काम दिसते. तोरणमाळच्या घाटापलीकडे कुपोषित बाळांच्या आयांबरोबर दिवस काढणाऱ्या माणसाकडे कात्रणे कुठून येणार? शिवाय समितीपुढे कागद येतात, काम येत नाही. त्या क्षेत्रातले जाणते लोक प्रत्यक्ष जाऊन, लोकांशी बोलून काही तपासतील अशी सोय या वाटेवर फारशी नाही.

समाजाने दिलेले मान

दुसरी वाट खासगी न्यासांची आणि लोकांच्या संस्थांची. १९७८ पासून सुरू असलेला जमनालाल बजाज पुरस्कार रचनात्मक कार्यासाठी देशभर मानाचा समजला जातो. अमेरिकेतील मराठी माणसांनी उभारलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनने १९९० च्या दशकात साहित्याबरोबर समाजकार्यासाठीही पुरस्कार सुरू केले. पुढे त्यांच्या संयोजनाची जबाबदारी साधना ट्रस्टने उचलली. ‘साधना’ साप्ताहिक साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केले होते. या पुरस्कारांत एक चांगला पायंडा पडला. निवड करणारे लोक कार्यकर्त्यांच्या जगातलेच असतात आणि सन्मानित व्यक्तीच्या कामावर सविस्तर लेखन छापले जाते. मानपत्र भिंतीवर टांगून विषय संपत नाही, वाचकाच्या हाती काही उरते.

खानदेशातही देणारे हात आहेत. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठान सेवाकार्याचा गौरव करते. भवरलाल अँड कांताबाई जैन फाउंडेशन बहिणाबाई, बालकवी आणि महानोर यांच्या नावाने साहित्य पुरस्कार देते. साहित्याच्या पुरस्कारामागे समीक्षेची परंपरा उभी असते. कविता का चांगली, कादंबरीने काय नवे केले, यावर वाद होतात, परीक्षणे लिहिली जातात. समाजकार्याच्या बाबतीत अशी समीक्षा जवळजवळ नाही. त्यामुळे गौरव होतो तो त्यागाचा, साधेपणाचा आणि सोसलेल्या कष्टांचा. बचतगटाची कर्जवसुली कशी झाली, वसुली न झालेल्या गटाचे काय झाले, गावकीत भांडण लागले तेव्हा कार्यकर्त्याने काय केले, हे प्रश्न सत्काराच्या व्यासपीठावर विचारले जात नाहीत.

या सगळ्या पुरस्कारांची आणखी एक मर्यादा आहे. ते एका व्यक्तीला किंवा एका संस्थेला मिळतात. खानदेशातले कितीतरी मोठे काम समूहाने केलेले आहे. शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल समाज जागा झाला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सावकाराकडे आणि मोठ्या जमीनदारांकडे गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, रोजगार हमी हे तिचे प्रश्न होते. त्याच काळात आदिवासी बायकांनी गावोगावच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात या प्रसंगाला जागा आहे. पण त्या बायकांपैकी कोणाच्या नावाने फाइल करायची? व्यक्तीला शोधणारी सन्मानाची नजर अशा कामावरून घसरून जाते.

पदवीची वाट

समाजकार्य हा रीतसर शिकायचा विषय आहे, हे भारताने १९३६ मध्ये मान्य केले. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. नागपाड्यात नेबरहुड हाउस चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक निघाले. १९४४ मध्ये संस्थेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, नागपुरात मातृसेवा संघाची संस्था आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था उभी राहिली. या विद्याशाखेतून आलेल्या माणसांनी देशाच्या उच्च शिक्षणालाही दिशा दिली. टाटा संस्थेच्या संचालक डॉ. अर्मायटी देसाई पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या.

खानदेशात ही वाट उशिरा आली, पण पक्की झाली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. जळगावचे लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालय, अमळनेरचे पंडित जवाहरलाल नेहरू समाजकार्य महाविद्यालय, चोपड्याचे भगिनी मंडळाचे महाविद्यालय, धुळ्याजवळ मोराण्याचे महाविद्यालय ही या भागातली समाजकार्य शिक्षणाची केंद्रे. जळगावचे महाविद्यालय धनाजी नाना चौधरी विद्या प्रबोधिनीचे. धनाजी नाना चौधरींचे नाव खिरोद्याशी आणि १९३६ च्या फैजपूर काँग्रेसशी जोडलेले आहे. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. ग्रामसेवेचा तो वारसा अशा रीतीने समाजकार्याच्या वर्गापर्यंत पोहोचला.

या महाविद्यालयांचे एक वेगळेपण सर्वसामान्य वाचकाला ठाऊक नसते. राज्यातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांना अनुदान उच्च शिक्षण विभागाकडून येत नाही, सामाजिक न्याय विभागाकडून येते. म्हणजे समाजकल्याणाच्या योजना राबवणारे खाते आणि त्या योजनांची चिकित्सा करायला विद्यार्थ्यांना शिकवणारे महाविद्यालय एकाच छत्राखाली आहेत. यातून जवळीक साधता आली असती. अनेकदा मात्र महाविद्यालय दोन्ही घरचे पाहुणे ठरते. विद्यापीठात ते कला-वाणिज्याच्या मागे राहते आणि खात्यात वसतिगृहे व शिष्यवृत्त्यांच्या मागे.

शिक्षणाची पद्धत मात्र कसदार आहे. आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी बाहेर असतो. झोपडपट्टी, जिल्हा रुग्णालय, बालगृह, निरीक्षणगृह, ग्रामपंचायत अशा ठिकाणी जाऊन तो काम करतो. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती वापरून पाहतो, दर वेळी अहवाल लिहितो, पर्यवेक्षकाशी चर्चा करतो. ग्रामीण शिबिर होते, लघुप्रबंध होतो. तीन जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांनी इतक्या वर्षांत लिहिलेले क्षेत्रकार्याचे अहवाल म्हणजे खानदेशच्या जगण्याची केवढी मोठी नोंद! गुण भरले गेले की ती नोंद कपाटात जाते. पीएच.डी.चे प्रबंध निदान ‘शोधगंगा’वर चढतात. क्षेत्रकार्याच्या वहीला तेवढेही भाग्य नाही.

कायद्याच्या नजरेतला समाजकार्यकर्ता

सन्मानाचा पाया म्हणजे ओळख. डॉक्टर, वकील, परिचारिका यांना परिषद आहे, नोंदणी आहे. समाजकार्यासाठी देशव्यापी परिषद असावी म्हणून १९९० च्या दशकात विधेयकाचा मसुदा झाला. पुढेही मागणी होत राहिली, कायदा झाला नाही. परिणामी कायद्यांत समाजकार्यकर्त्याची जागा कधी ठळक, कधी धूसर आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. समाजकार्याच्या पदवीधरांच्या काही पिढ्यांना त्यातून नोकरी मिळाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोसामाजिक कार्यकर्त्याची व्याख्या शिक्षणासह दिलेली आहे. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात वैद्यकीय समाजकार्यकर्ता आणि मनोसामाजिक कार्यकर्ता यांचा समावेश झाला. मुंबईत टाटा संस्थेने १९८४ मध्ये पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. छळ सोसणाऱ्या बाईचे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याने ऐकून घ्यावे, पोलिस आणि न्यायालय यांच्यात तिच्या बाजूने उभे राहावे, ही त्यामागची कल्पना. शासनाने पुढे ती राज्यभर नेली.

याउलट २०१५ चा बालन्याय कायदा पाहा. बालन्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली एक महिला असलीच पाहिजे. या समाजकार्यकर्त्याची पात्रता काय? मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव, अथवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायदा यांची पदवी असलेला व्यावसायिक. या यादीत समाजकार्याची पदवीच नाही! बालकल्याण समितीच्या बाबतीत २०२१ च्या दुरुस्तीने समाजकार्याच्या पदवीचा उल्लेख आला. मंडळाच्या कलमात तो नाही.

हा तपशील किरकोळ वाटू शकतो. पण त्यातून आपल्या समाजाची समजूत कळते. समाजकार्य म्हणजे चांगुलपणा, आणि चांगुलपणाला शिक्षण कशाला, अशी ती समजूत आहे. तिला अर्धा आधार अनुभवातून मिळतो, कारण पदवीशिवाय थोर काम करणारी माणसे आपण पाहिली आहेत. उरलेल्या अर्ध्याची किंमत मात्र एखादे मूल चुकवते. त्याच्याशी कसे बोलावे हे न शिकलेला माणूस त्याच्या भविष्याचा निर्णय घेत असतो.

व्यवसायाच्या स्वतःच्या संघटना

मग समाजकार्याच्या लोकांनी स्वतः काय उभे केले? १९७० मध्ये मनोसामाजिक कार्यकर्त्यांची संघटना सुरू झाली, तीच पुढे इंडियन सोसायटी ऑफ प्रोफेशनल सोशल वर्क झाली. २००५ मध्ये व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात समाजकार्य शिक्षकांची ‘मास्वे’ ही संघटना अधिवेशने भरवते. १९९७ मध्ये टाटा संस्थेतील शिक्षकांच्या पुढाकाराने भारतीय समाजकार्यकर्त्यांसाठी नीतीची जाहीर सनद तयार झाली. परिषदांमध्ये जीवनगौरवही दिले जातात.

हे प्रयत्न मोलाचे आहेत, पण त्यांचे दोन तुकडे पडलेले दिसतात. शिक्षकांची संघटना शिक्षकांची, कार्यकर्त्यांचे मेळावे कार्यकर्त्यांचे. परिषदेत निबंध वाचले जातात, त्यांतले बरेच बढतीच्या गुणांसाठी असतात. मेळाव्यात अनुभव सांगितले जातात, ते कोणी लिहून घेत नाही. विज्ञानासाठी १९३५ पासून भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आहे, वैद्यकासाठी १९६१ पासून राष्ट्रीय अकादमी आहे. तिथे समव्यावसायिक एकमेकांचे काम तपासून फेलो निवडतात. समाजकार्याला त्या तोडीची अकादमी नाही.

अमेरिकेतील दोन नमुने

अमेरिकेत या बाबतीत दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली विद्यार्थ्यांची. मिशिगन स्टेट विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फाय अल्फा’ ही समाजकार्याची गुणवंत-सभा उभी राहिली. महाविद्यालयांतून तिच्या शाखा आहेत. चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचे सदस्यत्व मिळते आणि या शाखांकडून सेवेचीही अपेक्षा असते.

दुसरी पायरी अभ्यासकांची आणि ज्येष्ठ कार्यकर्त्यांची. २००९ मध्ये तिथे समाजकार्य आणि समाजकल्याण यांची अमेरिकन अकादमी स्थापन झाली. ज्यांच्या संशोधनाने किंवा प्रत्यक्ष कामाने या क्षेत्राला पुढे नेले त्यांना फेलो म्हणून निवडले जाते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. गौरव करून ही अकादमी थांबली नाही. २०१६ मध्ये तिने समाजकार्यापुढची बारा मोठी आव्हाने जाहीर केली. समाजापासून तुटलेपण, बेघरपणा, कुटुंबातला हिंसाचार, तुरुंगांची बेसुमार वाढ अशा प्रश्नांवर अभ्यासगट नेमले. २०२० मध्ये वंशभेदाचे उच्चाटन हे तेरावे आव्हान त्यात आले. ज्याला मान मिळाला त्याच्यावर कामही आले.

या नमुन्यांना दोषही आहेत. गुणांवर चालणारी सभा घरकाम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय करू शकते. फेलोंनीच फेलो निवडायचे असले की आपल्यासारख्यांनाच आत घेण्याचा मोह होतो, आणि मोठ्या विद्यापीठांतल्या संशोधकांपुढे वस्तीतली कार्यकर्ती मागे राहते. जात आणि ओळखपाळख यांनी भरलेल्या आपल्या समाजात हा धोका दुप्पट आहे. म्हणून हा नमुना जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. सन्मानाला प्रश्नांशी बांधण्याची त्यांची रीत मात्र शिकण्यासारखी आहे.

निष्काम सेवेचा आक्षेप

सर्वांत गंभीर आक्षेप आपल्या मातीतला आहे. सेवा करणाऱ्याने सन्मानाची अपेक्षा धरावीच का? विनोबांनी निष्काम कर्माची मांडणी केली ती धुळ्याच्याच तुरुंगात. २१ फेब्रुवारी १९३२ पासून दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती अठरा प्रवचने पुढे ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघरी गेली. खानदेशच्या सेवाभावावर या मांडणीचा खोल ठसा आहे. आजही अनेक जुने कार्यकर्ते सत्काराचे नाव काढले की संकोचतात, आणि तो संकोच खरा असतो.

या आक्षेपाचा आदर करूनच त्याचे उत्तर शोधले पाहिजे. ती प्रवचने आपल्यापर्यंत आली कशी? त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून. बोलणाऱ्याला फळाची आस नव्हती. ऐकणाऱ्याने मात्र त्या बोलण्याचे मोल ओळखले, श्रम घेऊन नोंद केली, आणि देशभरच्या वाचकांना त्याचा लाभ झाला. समव्यावसायिकांच्या सन्मानाचा अर्थ मला असाच वाटतो. ज्याचा सन्मान होतो त्याच्या सुखासाठी तो नाही. पुढच्या गावात, पुढच्या पिढीत तेच काम करू पाहणाऱ्याला त्याची गरज आहे. कार्यकर्त्याने निष्काम असावे, पण त्याच्या कामाची नोंद न ठेवणे हा आपला आळस आहे. त्याला निष्कामतेचे नाव देता येणार नाही.

साने गुरुजींच्या ठायी अभ्यासक आणि कार्यकर्ता एकत्र होते. ते अमळनेरला आले तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी, मग १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहिले. पुढे पूर्व खानदेशच्या शेतकऱ्यांसाठी आणि गिरणी कामगारांसाठी झटले, लेखणी चालू ठेवली. आज आपण या दोन भूमिका वेगळ्या केल्या आहेत. प्राध्यापक लिहितो, कार्यकर्ता राबतो, आणि दोघांची भेट होते ती बहुधा उद्घाटनाला.

खानदेशाला हे जमेल का?

या दोघांना एकत्र आणणारी विद्वत्सभा मुंबई-पुण्यातच उभी राहू शकते, असे कोणाला वाटेल. खानदेशचा इतिहास वेगळे सांगतो. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते गावोगाव फिरून गोळा केली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले, त्यानंतर त्यांची कागदपत्रे सांभाळण्यासाठी तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. अमळनेरला १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. गिरणीच्या त्या गावात देशभरातले तत्त्वज्ञ फेलो म्हणून येऊन राहत, एकमेकांचे विचार तपासत. कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासविहारी दास, धीरेंद्रमोहन दत्त, टी. आर. व्ही. मूर्ती ही नावे त्या गावाशी जोडलेली आहेत. जी. आर. मलकानी तिथूनच ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे नियतकालिक चालवत. तत्त्वज्ञानासाठी जे अमळनेरला शंभर वर्षांपूर्वी जमले ते समाजकार्यासाठी आज तीन जिल्ह्यांना न जमण्याचे कारण नाही. विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत, जळगावच्या गांधी तीर्थासारखे अभ्यासकेंद्र आहे, आणि प्रश्नांची तर वाण नाही.

लहान नमुना तर बारीपाड्यातच आहे. तिथे वनभाजी महोत्सव भरतो. आसपासच्या पाड्यांवरच्या बायका रानातल्या भाज्या शिजवून आणतात, पाने-कंद मांडतात, त्यांची नावे आणि गुण सांगतात. उत्तम भाज्यांना बक्षिसे मिळतात. या एका कार्यक्रमात जाणत्यांकडून पारख होते, जाहीर मान मिळतो आणि विस्मरणात जाऊ पाहणाऱ्या ज्ञानाची नोंदही होते. सन्मानाने ज्ञान वाढावे याचे याहून चांगले उदाहरण खानदेशात शोधावे लागणार नाही.

या सगळ्याचा विचार करून खानदेशातील समाजकार्याच्या सभेसाठी चार अटी मला आवश्यक वाटतात. पहिली, तिच्यात समाजकार्याचे पदवीधर आणि ती पदवी नसलेले कार्यकर्ते बरोबरीने असावेत. बहादरपूर आणि बारीपाडा यांना बाहेर ठेवणारी समाजकार्याची सभा खानदेशात हास्यास्पद ठरेल. पण पदवी घेऊन रुग्णालयात, न्यायालयात, पोलिस ठाण्याच्या कक्षात रोज पंधरा-वीस माणसांची दुःखे ऐकणाऱ्यांनाही तिथे तेवढेच मोल असले पाहिजे. त्यांच्यातले अनेक जण कंत्राटावर असतात, दर वर्षी मुदतवाढीची वाट पाहतात. त्यांच्या कौशल्याला आज जवळजवळ कोणताच सन्मान नाही.

दुसरी, कोणाकडूनही अर्ज किंवा कात्रणे मागवू नयेत. सदस्यांनीच नावे सुचवावीत, दोघातिघांनी त्या गावी जाऊन राहावे, लोकांशी बोलावे, ज्यांना त्या कामाचा फायदा झाला नाही त्यांच्याशीही बोलावे, आणि लेखी अहवाल द्यावा. कामातले अपयश आणि वाद त्या अहवालात असावेत. समूहाने केलेले काम असेल तर मान समूहाला द्यावा. तिसरी, प्रत्येक सन्मानाबरोबर त्या कामाची सविस्तर नोंद मराठीत प्रसिद्ध व्हावी, आणि अहिराणी, पावरी, भिली बोलणाऱ्यांचे म्हणणे त्यांच्या बोलीत नोंदले जावे. समाजकार्याची पाठ्यपुस्तके अजून बरीचशी परक्या उदाहरणांवर चालतात. वर्गात शिकवायला आपल्या तालुक्यातली उदाहरणे हाताशी असतील तर विद्यार्थ्याला क्षेत्रकार्याची वही निरर्थक वाटणार नाही.

चौथी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सभेने खानदेशचे चार-पाच प्रश्न स्वतःचे म्हणून घ्यावेत. मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या चाळीसगाव-साक्रीकडच्या कुटुंबांतली मुले आणि त्यांची शाळा. सातपुड्यातले कुपोषण आणि सिकलसेल. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशा सरकारी शिक्क्यांत अडकलेली आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची घरे. बालविवाह. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राबणाऱ्या मजुरांचे आरोग्य. यांपैकी प्रत्येक प्रश्नावर कोणीतरी काम करत आहे, कोणीतरी प्रबंध लिहीत आहे, कोणीतरी योजना राबवत आहे. त्यांना एकमेकांचे नावही ठाऊक नसते. सन्मानाच्या निमित्ताने ते एका टेबलाशी बसले, तर दहा वर्षांत या प्रश्नांबद्दल खानदेशाला आजच्यापेक्षा कितीतरी अधिक कळलेले असेल.

पैशांची गरज फार नाही. एका वर्षी एकच सन्मान दिला तरी चालेल, रक्कम नसली तरी चालेल. लागेल तो वेळ आणि सचोटी. विद्यापीठाच्या समाजकार्य अभ्यासमंडळाने, चार महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी आणि तीन जिल्ह्यांतल्या जुन्या-नव्या कार्यकर्त्यांनी एकत्र बसून सुरुवात करावी. पहिल्या वर्षी कोणाचाही गौरव करू नये. कपाटांत पडलेले क्षेत्रकार्याचे अहवाल बाहेर काढावेत, माणसांची ओळख उघड होणार नाही अशी काळजी घेऊन ते वाचावेत, वर्गवारी करावी. आपल्याच विद्यार्थ्यांनी आपल्याच गावांबद्दल काय पाहिले हे आधी समजून घ्यावे. इतरांच्या कामाची पारख करण्याचा अधिकार त्या वाचनातूनच मिळेल.